फळीवरचे दोन रिकामे खिळे

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तू तुझ्या बाबांना जर्मनमध्ये काहीतरी विचारलंस आणि लगेच मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागलीस. बाबा मला म्हणाले, "आई, ती विचारतेय, हार्ट्झला आजोबा तिच्यावर रागावले होते का?" मी "छे गं" म्हणाले. तेवढ्यात तुझ्या भावाला फुटबॉलला सोडायची वेळ झाली आणि बोलणं संपलं.

"छे गं" हे काही उत्तर नव्हे. मी सगळं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मुलींना सांगत आले की उत्तर पूर्ण वाक्यात लिहा. म्हणून ही पूर्ण वाक्यं. बाबांनी तुम्हा दोघांना ती वाचून दाखवावीत आणि मध्ये काही गाळू नये.

आधी कोण कुठे होतं ते सांगते. फुटबॉलच्या विश्वचषकाचा उन्हाळा होता. र्युसेल्सहाइमला तुमच्या गल्लीतल्या निम्म्या मोटारींच्या आरशांना जर्मन झेंड्याच्या काळ्या-लाल-पिवळ्या टोप्या घातलेल्या होत्या. आजोबा आणि मी नागपूरहून तुमच्याकडे राहायला आलो होतो. तू तिसरीत होतीस, तुझा भाऊ जेमतेम चार वर्षांचा. तुझ्या आईला कामातून सुट्टी नव्हती, म्हणून हार्ट्झच्या डोंगरात आपण पाच जणच गेलो: बाबा, तुम्ही दोघं, आजोबा आणि मी.

ही सहल आजोबांची होती. तुझ्या बाबांनी पॅरिस सुचवलं होतं, स्वित्झर्लंड सुचवलं होतं. "बर्फ मी फ्रीजमध्ये पाहिलाय," आजोबा म्हणाले. त्यांना खाणींची गावं बघायची होती. सोन्याच्या नव्हेत, चांदीच्या, शिशाच्या, तांब्याच्या, आणि आता त्याही बंद पडलेल्या. बाबा म्हणाले, "बाबा, आयुष्यभर खाणीत राहिलात, आता पुन्हा खाणच?" आजोबा म्हणाले, "तू आयुष्यभर भात खाल्लास. मग इथे काऊन कुकर घेऊन आलास रे?"

आजोबा भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत सर्व्हेअर होते. जमिनीखालच्या बोगद्यांची मापं घ्यायची आणि त्यांचे नकाशे काढायचे, हे त्यांचं काम. त्यांचे वडील, म्हणजे तुझे पणजोबा, त्याच खाणीत खनिज वाहून नेणारे लोखंडी टब भरायचे. रोज शिडीने खाली उतरायचे आणि पाळी संपली की शिडीनेच वर यायचे. आजोबा डिप्लोमाला होते तेव्हा त्यांच्या पुस्तकात एक आकृती होती. दोन लांब उभे दांडे, पाण्याच्या चाकाला जोडलेले, एक वर गेला की दुसरा खाली. दांड्यांना पायऱ्या ठोकलेल्या. माणसाने एका दांड्यावर उभं राहायचं, तो वर गेला की शेजारच्या दांड्यावर पाऊल टाकायचं, तो वर गेला की पुन्हा पहिल्यावर. असं करत खालच्या माणसाला शिडी न चढता वर येता यायचं. आकृतीखाली लिहिलं होतं, हार्ट्झ, जर्मनी.

"माझा बाप शिडी चढून चढून वाकला," आजोबा मला लग्न झाल्यापासून सांगत आले होते. "आणि इथल्या लोकांनी त्याच्याही आजाच्या काळात शिडीच हलती केली होती. मले ती एकदा पाहायची आहे. चित्रात नाही, डोळ्यानं."

आता जे तुझ्या बाबांना तेव्हा माहीत नव्हतं ते. आजोबांची फुफ्फुसं गेली होती. खाणीतली दगडाची धूळ वर्षानुवर्षं आत जाऊन बसली होती आणि ती काढायचा काही उपाय नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जिने टाळा, कोंदट जागा टाळा, थंडी टाळा. विमानाला त्यांनी हो म्हटलं तेही नाखुशीने. आम्ही बाबांना फक्त एवढंच सांगितलं होतं की थोडा दमा आहे, हवा बदलली की होतो. प्रवासाच्या विम्यात जुनं दुखणं बसत नव्हतं. "जुनं दुखणं नागपूरलाच ठेवून आलो, घराला कुलूप लावताना," आजोबा मला विमानतळावर म्हणाले. मला हसू आलं नाही, पण मी काही बोललेही नाही. त्यांना ती शिडी बघायची होती आणि त्यांना वाटत होतं की हा शेवटचा उन्हाळा आहे. तसं मलाही वाटत होतं.

तुला मात्र माहीत होतं. त्यांना तोंडात पंप मारताना तू बाथरूमच्या दारातून पाहिलंस आणि त्यांनी तुला खाणीच्या धुळीचं सांगून ओठांवर बोट ठेवलं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते हसत होते, जणू तुम्ही दोघांनी मिळून आंबे चोरले होते.

त्या दिवसांत सकाळी तुमच्या दिवाणखान्यातल्या बुद्धमूर्तीपुढे मी तुला त्रिसरण-पंचशील शिकवत होते. पाली तू झकास म्हणायचीस, फक्त र जर्मन लावायचीस. चौथं शील झालं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा तू बाबांना काही विचारलंस. तुला माझं मराठी सगळं कळायचं, पण तुझं उत्तर नेहमी जर्मनमध्ये यायचं आणि मला त्यासाठी बाबांची वाट बघावी लागायची. बाबा म्हणाले, "ती विचारतेय, नुसतं सांगितलं नाही तर ते खोटं बोलणं होतं का?" मी आजोबांकडे पाहिलं. आजोबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेला येत नाही."

पहिल्या दिवशी आपण गोस्लारला होतो. पाटीच्या दगडाची छपरं, पाटीच्या दगडाच्याच भिंती. एका सरदाराच्या घोड्याने खूर आपटले आणि जमिनीतून चांदी दिसली, अशी तिथली गोष्ट बाबांनी आपल्याला सांगितली. आजोबा म्हणाले, "घोड्यानं शोधली, घोड्याचं नाव झालं. खोदली कोणी, त्याचं नाव काय?" बाबा म्हणाले, "गेनाऊ." ते हल्ली 'बरोबर' म्हणायचं विसरलेत.

चढावर आजोबा दर थोड्या वेळाने थांबायचे आणि कॅमेरा डोळ्याला लावायचे. एखादी खिडकी, एखादं दार, एखादा छपरावरचा पत्र्याचा कोंबडा. बाबा कौतुकाने म्हणायचे, "बाबांना फोटोचा किती नाद लागलाय." दुसऱ्या दिवशी क्लाउस्टालला, त्या मोठ्या निळ्या लाकडी चर्चसमोर, तू बाबांची बाही ओढून काहीतरी म्हणालीस. बाबांनी मला हसत सांगितलं, "म्हणते, आजोबा फोटो काढतच नाहीत. नुसतंच बघतात. बटण दाबतच नाहीत."

मी म्हटलं, "सेलची बचत करत असतील."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं होतं आणि मला कळलं होतं, आणि मोटारीत माझ्या पर्समध्ये तो पंप होता. आजोबा स्वतःच्या खिशात तो ठेवत नसत. खिसा फुगला की मुलगा विचारेल.

तरीही तो दुसरा दिवस चांगला गेला. गावाबाहेर तळी होती, जंगलात लपलेली, एकाखाली एक. खाणीतली चाकं फिरवण्यासाठी जुन्या लोकांनी ती बांधली होती. आजोबा एका बांधावर बसले. तिथे बसायला कॅमेऱ्याची गरज नव्हती. तू आणि तुझा भाऊ पाण्यात पाय घालून ओरडत होतात, पाणी फार गार होतं. आजोबा म्हणाले, "उद्या शिडी." मुलीच्या लग्नाची तारीख सांगावी तसे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी हलत्या शिडीच्या गावाला जाताना रस्त्यात एक खाण लागली. दरीतली छोटी जुनी चांदीची खाण, गावातले निवृत्त लोक मिळून दाखवत होते. बाबांना वाटलं, मुलांना दाखवावी. डोंगरात सरळ शिरणारा सपाट बोगदा होता. तुझ्या भावाने हेल्मेट डोक्यावर बसताच असा सूर लावला की आत घेऊन जाणं शक्य नव्हतं. बाबा म्हणाले, "मी याला गावात नेतो, झोका असेल कुठेतरी. येताना बेकरीतून पाव आणतो. बाबा, तुम्ही हिला न्याल का आत? तुमचंच क्षेत्र आहे."

"नेतो की," आजोबा म्हणाले. "सपाट आहे. शिडी नाही, काही नाही."

मी म्हटलं, "अहो, तुमचा तो..."

"चष्मा आहे खिशात," आजोबा म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा शब्द गिळला. बाबा भावाला खांद्यावर टाकून मोटारीकडे गेलेसुद्धा.

दाराजवळ एक लाकडी फळी होती, खिळे ठोकलेली. प्रत्येक खिळ्याला एक पितळी बिल्ला. आत जाणाऱ्याने बिल्ला काढून खिशात घालायचा, बाहेर आल्यावर परत लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. मला हे समजवायची गरज नव्हती. भंडाऱ्याला आमच्या खाणीवरही अशीच फळी होती. तुझ्या पणजोबांना अक्षर येत नव्हतं, पण आपला बिल्ला ते अंधारात बोटांनी ओळखायचे. खाली काही झालं, भोंगा वाजला, की कॉलनीतल्या बायका आधी त्या फळीकडे धावायच्या. मीही एकदा धावले आहे, तुझे बाबा कडेवर असताना. त्या दिवशी आजोबांचा बिल्ला जागेवर होता. शेजारणीच्या माणसाचा नव्हता.

आजोबांनी खालच्या ओळीतले शेवटचे दोन बिल्ले काढले, खिडकीकडचे. एक तुझ्या हातात दिला. "हा हरवायचा नाही. हा हरवला तर लोक आपल्याला शोधत बसतील." मग वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी मोठ्याने "ग्लुक आउफ" म्हटलं. खाणकामगारांचा तो नमस्कार त्यांना पुस्तकातून पाठ होता. ते गृहस्थ इतके खूश झाले की त्यांनी आजोबांना सगळ्यांच्या पुढे घेतलं.

मी आत गेले नाही. माझे गुडघे ओल्या जमिनीवर चालत नाहीत. तिकिटाच्या खोलीत एक बाई विणत बसल्या होत्या. त्यांनी मला कॉफी दिली. मी फळीसमोरच्या बाकावर बसले, पर्स मांडीवर, पर्समध्ये पंप.

बऱ्याच वेळाने माणसं बाहेर आली. हेल्मेट काढली, हसली, बिल्ले लावले. फळी भरत गेली. खालच्या ओळीत शेवटचे दोन खिळे रिकामे राहिले.

मी त्या गृहस्थांकडे गेले. इंग्रजीत विचारलं, माझे पती कुठे आहेत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मुलांना वाटतं आजीला इंग्रजी येतं म्हणजे आजी जगात कुठेही जाऊ शकते. मलाही तसंच वाटत आलं होतं. त्यांनी हसून भिंतीवरच्या दगडाकडे बोट दाखवलं, मग डोळ्यापुढे हाताची दुर्बीण केली. दगड बघतायत, असं त्यांना म्हणायचं होतं.

आत काय झालं होतं ते मला हॉस्पिटलात आजोबांकडून कळलं, पण इथेच सांगते म्हणजे क्रम बिघडणार नाही. परतताना ओल्या थंड हवेत त्यांचा श्वास अडकला आणि ते एका बाकावर बसले. वाट दाखवणाऱ्यांनी तुला विचारलं, आजोबा बरे आहेत ना? तू आजोबांकडे पाहिलंस. आजोबा म्हणाले, "सांग त्यांना, आजोबा दगड बघतायत. हळूहळू येतील." तू ते जसंच्या तसं सांगितलंस. तिथून बाहेरचा उजेड दिसत होता, दिवे होते, आणि खाणीतला माणूस दगडाशी रेंगाळला यात त्यांना आनंदच वाटला असेल. ते बाकीच्यांना घेऊन बाहेर आले. आजोबा तुला म्हणाले, "आता मी बोलणार नाही. तू पण बोलू नको. बस." तू बसलीस.

पण बाकावर बसलेली मी हे काही जाणत नव्हते. मला एवढंच माहीत होतं की खाणीत उभा जन्म काढलेला माणूस वाट दाखवणाऱ्याला सोडून मागे राहत नाही. कधीच नाही. हे वाक्य माझ्याकडे दोन भाषांत तयार होतं आणि दोन्ही तिथे चालत नव्हत्या. मोबाइलवर बाबांना फोन लावला, त्या दरीत एकही रेघ नव्हती. मी छातीवर हात ठेवला आणि खोकून दाखवलं, म्हणजे त्यांना फुफ्फुसं कळावीत. विणणाऱ्या बाई लगबगीने उठल्या, खणात शोधाशोध केली आणि मला खोकल्याची गोळी दिली. वर कागद सोलूनही दिला.

मी ती गोळी तोंडात घातली. बाई इतक्या मायेने बघत होत्या की न घालणं शक्य नव्हतं. आणि गोळी चघळत मी फळीपाशी गेले आणि त्या दोन रिकाम्या खिळ्यांवर हात आपटायला लागले. खिळा, मग बोगद्याचं दार. खिळा, मग दार. माझा हात खरचटला. त्या गृहस्थांचं हसू गेलं. त्यांनी फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हेल्मेट डोक्यावर घातलं आणि ते पळतच आत गेले. त्या वयात माणूस तसा पळत नाही.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा आजोबांचा एक हात त्या गृहस्थांच्या गळ्यात होता आणि दुसरा तुझ्या मुठीत. ओठ पाटीच्या दगडाच्या रंगाचे झाले होते. मी पंप दिला. त्यांनी तो ओढला, पुन्हा ओढला. बाईंनी टेबलावरच्या जुन्या फोनवरून कुणाला तरी बोलावलं. "काही नाही," आजोबा मध्येमध्ये म्हणत होते. "काही नाही. चहा सांग." चहा कोणाला सांगायचा होता, कोण जाणे.

ॲम्ब्युलन्सचा आवाज आला तसा त्यांनी पंप माझ्या हातात कोंबला. "पर्समध्ये टाक."

"अहो, आता तरी..."

"टाक म्हटलं ना. याच्या डोक्यावर बिल बसेल. पोरगा घराचे हप्ते भरतो आहे."

डॉक्टर उतरले. उंच, घाईतले. मी इंग्रजीत सुरुवात केली, त्यांनी दोन शब्द ऐकले, मान हलवली आणि मग तुझं जर्मन ऐकून ते तुझ्याकडेच वळले. आजोबांनी तुझा हात सोडला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी तुलाही आजोबांबरोबर गाडीत चढवलं. दार अर्धं लावलं. मी बाहेर राहिले. मी पंप हातात धरून काचेवर टकटक केलं. गाडीतल्या मदतनीस मुलाने मला तळहात दाखवला, थांबा.

काचेतून मला दिसत होतं. डॉक्टर वाकून तुला काही विचारत होते. तू आजोबांकडे पाहिलंस. आजोबांचे ओठ हलले. शब्द ऐकू आले नाहीत, पण ते ओठ मी तरुणपणापासून वाचत आले आहे. ते म्हणाले, "सांग, आजच झालं."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मग तू काचेतून माझ्याकडे पाहिलंस.

मी पंप वर धरला होता. तुला तो दिसला का, मला माहीत नाही. काचेवर आकाश पडलं होतं. मी मान हलवली की नाही हेही मला आता आठवत नाही. मी खूपदा आठवून पाहिलंय. मग तू डॉक्टरांकडे वळलीस आणि बोललीस. एक लांब वाक्य, मग आणखी एक. तू काय सांगितलंस ते मला कळणं शक्य नव्हतं. तुला आजोबांनी सांगितलेलं लहान होतं, तू बोललीस ते मोठं होतं, एवढंच मला दिसलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. दार लागलं.

बाबा पाव घेऊन आले तेव्हा गाडी वळणावर होती. त्यांना मी मोटारीत सगळं सांगितलं. धुळीचं, नागपूरच्या डॉक्टरांचं, पंपाचं. ते ॲम्ब्युलन्सच्या मागे मोटार चालवत राहिले. तुझा भाऊ मागे पाव खात होता आणि विचारत होता, आजोबा लाइटवाल्या गाडीतून का गेले, मी का नाही.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरबाई होत्या, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं की जुन्या धुळीची फुफ्फुसं असतील तर ऑक्सिजन बेताने द्यावा लागतो, जास्त दिला तर उलटतो. "तुमच्या नातीने गाडीतच सांगितलं म्हणून बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिने हेही सांगितलं की आजोबांना हे कोणाला कळू द्यायचं नाहीये."

बाबा खाटेजवळ गेले. आजोबांच्या नाकात नळी होती.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आणलं असतंस?"

बाबांनी आजोबांच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

तू दाराशी उभी होतीस, हेल्मेटमुळे केस चपटे झालेले. आजोबांनी तुझ्याकडे पाहिलं नाही. मी खूण केली तरी नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणून हे तुला आज पूर्ण वाक्यात सांगते: आजोबा रागावले होते. ती सगळी संध्याकाळ ते रागावलेले होते. तुझ्यावर, माझ्यावर, बाबांवर, त्या हेल्मेटवाल्या गृहस्थांवर आणि सर्वांत जास्त स्वतःच्या छातीवर. शिडी तिथून अर्ध्या तासावर होती आणि आता ती दिसणार नव्हती, हे त्यांना कळलं होतं. तू खरं सांगितलंस म्हणून ते जगले आणि तू खरं सांगितलंस म्हणून शिडी राहिली. दोन्ही एकाच वाक्यात होतं. त्यांना त्या दिवशी फक्त दुसरं दिसत होतं.

सकाळी आपण गेलो तेव्हा ते उशाशी कपड्यांची पिशवी धरून अस्वस्थ बसले होते. तू पुन्हा दारातच थांबलीस. त्यांनी मला नाही, बाबांना नाही, तुला हाक मारली. "इकडे ये गं." त्यांच्या मुठीत पितळी बिल्ला होता. तुझाही तुझ्या जाकिटात राहिला होता. गडबडीत कोणी ते लावलेच नव्हते.

"खिळा रिकामा आहे," आजोबा म्हणाले. दर दोन शब्दांना थांबून. "त्यांना वाटेल, माणूस आत आहे. जाऊन लावून ये. तुझाही लाव."

बाबा म्हणाले, "बाबा, ते टुरिस्टांचे बिल्ले आहेत हो. कोणी शोधत नाही. त्यांनी पाहिलंय तुम्हाला बाहेर येताना."

"तुला नाही कळायचं," आजोबा म्हणाले. "हिला कळतं."

बाबांनी मोटार काढली. आपण चौघं परत त्या दरीत गेलो. दार बंद होतं. पाटीवर लिहिलं होतं की आज सुट्टी, आणि खाण कोणत्या वारी उघडी असते ते. बाबांनी घंटा वाजवली, मागच्या बाजूला फिरून आले. कोणी नव्हतं. तू काचेला नाक लावून आत बघत होतीस. मीही पाहिलं. फळी दिसत होती आणि खालच्या ओळीतले ते दोन खिळेही. आपण हातात बिल्ले घेऊन उभे होतो आणि मध्ये एक काच होती. दाराला टपालासाठी फट होती. शेवटी बाबा म्हणाले, "यातून टाक, ते लावतील." तू आधी तुझा टाकलास, मग आजोबांचा. दोन्हींचा फरशीवर पडल्याचा आवाज आला.

हॉस्पिटलात आजोबांनी विचारलं, "लावलास?"

तू माझ्याकडे पाहिलंस, पुन्हा. मी या वेळी काही केलं नाही. बाबा म्हणू पाहत होते, "हो हो, लावला." त्यांनी तोंडही उघडलं होतं. त्याआधी तू म्हणालीस, "बंद होतं." मराठीत. "दारातून टाकला."

आजोबांनी तुला जवळ घेतलं. नळी तुझ्या कानात अडकली. "मग मी अजून आतच," ते म्हणाले आणि हसले. हसल्यावर खोकला आला, तो बराच वेळ थांबेना, आणि आपण सगळे नुसते उभे राहिलो.

ते बरे झाले नाहीत, पण विमानात बसण्याइतके झाले. विमानतळावर त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं आणि त्यांनी ढकलणाऱ्याला "ग्लुक आउफ" म्हटलं. नागपूरला पुढची दीड-दोन वर्षं श्वास अडकला की मी विचारायचे, "कसं वाटतंय?" ते म्हणायचे, "अजून आतच." दवाखान्यातल्या नर्सला वाटायचं, म्हातारा बरळतो. तुझा फोन आला की मात्र नीट बसायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि माझ्याकडून सगळं भाषांतर करून मागायचे. मला ते येत नाही हे त्यांना पाठ होतं, तरी मागायचे. शेवटच्या दिवशीही त्यांनी मला तेच दोन शब्द सांगितले होते. मी त्यांचा हात धरून बसले होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तर ते रागावले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल्ला तुझ्या हातात दिला. एवढं उत्तर माझ्याकडे आहे. गाडीत तू डॉक्टरांना नेमके कोणते शब्द सांगितलेस ते मी कधी विचारलं नाही आणि आता जर्मन शिकायचं माझं वय नाही. तुला वाटलं तर कधी मराठीत सांग.

तुमची शाळेची सहल त्या बाजूला गेली किंवा बाबांना कधी सुट्टी मिळाली, तर त्या दरीत जाऊन ये. हलती शिडी पुढच्या गावात आहे, तीही बघ, दोन्ही दांडे नीट बघ. पण आधी तिकिटाच्या खोलीत जा. खालची ओळ, खिडकीकडचे शेवटचे दोन खिळे. तिथे बिल्ले आहेत की नाहीत ते मला कळव. जे असेल ते.